दामू झालरचा डबा

आमच्या भागातल्या निम्म्या लग्नांना दामूशेठ हजर असत आणि एकाही लग्नात जेवत नसत.

मंडप त्यांचा, सतरंज्या त्यांच्या, नवरदेवाच्या पाठीमागचा मखमली पडदा त्यांचा. नवरीच्या अंबाड्यात शेवंती नीट बसली नाही, तर ती उपटून पुन्हा खोचणारा हातही त्यांचाच. पण पंगत बसली, वाढपी भाताची घमेली घेऊन पळू लागले, की हा माणूस दिसेनासा व्हायचा. मग मंडपाच्या मागच्या अंगाला जाऊन बघायचं. तिथे सतरंजीच्या वळकटीवर मांडी घालून, मांडीवर स्वच्छ फडकं पसरून, दामूशेठ घरून आणलेला पितळी डबा उघडून बसलेले असत. तांदळाची भाकरी आणि सुकट.

एकदा कर्जतला एका वकिलांच्या मुलीचं लग्न होतं. स्वयंपाक सोवळ्यातला. जिलबी, मठ्ठा, अळूची भाजी. पंगत रंगात आली आणि वारा फिरला. नवऱ्या मुलाच्या आजोबांनी अळूचं बोट चाटलं, नाक वर केलं, पुन्हा बोट चाटलं आणि गंभीरपणे विचारलं, "ह्यात काय घातलंय हो?" आचारी रडायच्या बेताला आला. वकीलसाहेब वासाच्या मागावर मंडपामागे पोचले.

"दामूशेठ, अहो, तुमचं पान मांडलंय आत."

"मांडलंय ना? मग शोभतंय. राहू द्या."

"पण जेवत का नाही?"

"पित्त हाय मला."

"पित्ताला सुकट?"

"डॉक्टरनीच सांगितलंय," असं म्हणून दामूशेठनी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

ह्यावर लोकांची मतं ठरलेली होती. चौकचे लोक म्हणत, माणूस गर्विष्ठ आहे. कर्जतचे म्हणत, खाल्लं तर मंडपाचं भाडं कमी करावं लागेल म्हणून खात नाही. कोंडाण्याच्या एक बाई शपथेवर सांगत की दामूशेठना कधीतरी लग्नाच्या लाडवातून काहीतरी घातलं होतं. काय घातलं होतं ते मात्र त्या सांगत नसत. हळूहळू लोकांना सवय झाली. डबा खुंटीला लटकलेला दिसला म्हणजे मंडपाचं काम वेळेत होणार, एवढाच अर्थ उरला.

दामू झालर हे नाव लोकांनी दिलेलं, पण त्यांनी ते आनंदाने घेतलं होतं. झालर म्हणजे मंडपाच्या कडेने लोंबणारी चुण्यांची पट्टी. दामूशेठच्या मते देवाने जग निर्माण केलं आणि झालर लावायची राहिली, ते काम त्यांच्याकडे आलं. शाळेच्या संमेलनाच्या टेबलाला झालर, गणपतीच्या मखराला झालर, एसटी स्टँडवरच्या पाणपोईच्या माठालासुद्धा झालर. कुणाच्या भाषणात रस वाटला नाही तर ते कानाशी येऊन पुटपुटत, "बोलतोय बरा, पण झालर नाय." एखाद्या पोराने हिशेबी, कोरडं उत्तर दिलं तरी तेच. "नागवं बोलू नको रं. झालर लाव जरा."

माणूस उंच, काटकुळा. पांढराशुभ्र लेंगा-सदरा, गळ्यात मोजायची टेप, कानामागे अबोलीचं एक फूल. तोंडात टाचण्या धरून बोलायची सवय, त्यामुळे रागावले तरी ओठ मिटूनच रागवायचे. चालताना मनगट जरा मोडत, मान जरा वेळावत. स्टँडवरची पोरं शिट्ट्या मारत. दामूशेठ थांबून नीट ऐकत आणि टाचण्या हातात काढून सांगत, "बेसूर हाय रं. तुज्या लग्नात बेंजोवाला मीच ठरवीन, तू वाजवू नको." त्या पोरांपैकी बहुतेकांची लग्नं पुढे दामूशेठच्याच मंडपात लागली.

हळदीच्या दिवशी त्यांची खरी मजा. बायकांच्या घोळक्यात ते सरळ आत शिरत आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नसे. जी गोष्ट आईजवळ बोलता येत नाही ती नवऱ्या मुली त्यांच्याजवळ बोलत. शिवाय नाव घ्यायचा उखाणा हवा असायचा. तालुक्यातल्या किती नवऱ्या मुलींनी घेतलेली नावं दामूशेठनी रचलेली होती, ते त्या मुलींनाच ठाऊक. आमच्या शेजारच्या मंदाने आपला उखाणा म्हणून दाखवला तेव्हा मी तिथेच होते. रानातली करवंदं, जाळी वगैरे होतं त्यात.

"झालर नाय," दामूशेठ म्हणाले. "नवरा काय करतो गं?"

"एसटीत कंडक्टर हाय."

दामूशेठनी डोळे मिटले, टाचण्या एका गालातून दुसऱ्या गालात नेल्या आणि म्हणाले, "घे. घंटी वाजवून कंडक्टरनं गाडी थांबवली चौकात, दत्तारामांचं नाव घेते, नथ घालून झोकात."

मंदाने ते अशा ठसक्यात म्हटलं की सासरचे लोक घाबरले.

मी दामूशेठची आभारी आहे, ह्याचं एक कारण वेगळं आहे. आमची बौद्ध वस्ती गावाच्या खालच्या बाजूला. मी लहान असताना आमच्याकडे लग्न निघालं की मंडपवाले म्हणत, "त्या दिवशी सामान मोकळं नाय." दिवस कुठलाही सांगा, सामान मोकळं नसायचं. मग आमचे लोक बांबू आणि गोणपाट बांधून भागवत. दामूशेठनी धंदा सुरू केला तेव्हा ते आपण होऊन वस्तीत आले, माझ्या वडिलांना, आबांना, म्हणाले, "तुमच्यात निळा लागतो ना? पण निळा म्हणजे कुठला निळा? शाईचा, मोराचा, का गॅसच्या जाळाचा?" आबा खोपोलीच्या कारखान्यात कामगार. त्यांना आयुष्यात कुणी असा प्रश्न विचारला नव्हता. ते म्हणाले, "झेंड्याचा." दामूशेठ मुंबईला जाऊन तो निळा शोधून आले. झालरीसकट.

एका पावसाळ्यात नदी खालच्या आळीत शिरली. घरं गेलेली माणसं शाळेच्या पटांगणात आली. दामूशेठनी सगळ्या ताडपत्र्या काढल्या, बांबू रोवले, दिवसभर भिजत उभे राहून निवारे बांधले. सरपंच बघायला आले आणि थबकले. प्रत्येक ताडपत्रीच्या कडेला गुलाबी झालर.

"अहो दामूशेठ, हे काय लग्न आहे?"

"संकट हाय म्हणून काय नागवं ऱ्हायचं?" दामूशेठ म्हणाले. "पोरं रडायची थांबली बघा."

पोरं खरंच थांबली होती. ती झालरीचे गोंडे तोडत होती.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. पनवेलला एफ.वाय.ला नाव घातलं तेव्हा पहिल्या दिवशी काय घालून जायचं हा प्रश्न घरात कुणालाच सुटेना. दामूशेठना कळलं. ते कापडाचा तुकडा घेऊन आले, माझ्या खांद्याला लावून बघितला, मान हलवली, दुसरा लावला. "हा. आता वर्गात शेवटच्या बाकावर बसलीस तरी मास्तरला दिसशील." मला दिसायचं नव्हतं, पण ते मी बोलले नाही. त्या दिवसापासून ते मला नावाने हाक मारेनासे झाले. "ए कॉलेज!" म्हणून रस्त्यावरून हाक यायची आणि एसटीतली सगळी माणसं वळून बघायची.

आता जनूभाऊंबद्दल लिहायला हवं.

दामूशेठ दहिवलीला नदीच्या अंगाला राहत. त्याच घरात जनूभाऊ राहत. जनूभाऊ रेल्वेत होते. घाट चढायच्या आधी कर्जतला गाडीच्या मागून जास्तीचं इंजिन लावतात, त्या इंजिनावर. रुंद बांध्याचा, मिशीवाला, अगदी कमी बोलणारा माणूस. एका वाक्यात तीन शब्द झाले तर दामूशेठ म्हणत, "आज लई बडबड चाललीय." डब्यातलं सुकट जनूभाऊंच्या हातचं असायचं.

हे दोघं एकमेकांचे कोण, ह्याचीही उत्तरं लोकांनी गावोगाव वाटून घेतली होती. कर्जतमध्ये जनूभाऊ दामूशेठचे मावसभाऊ होते. चौकला धंद्यातले भागीदार. शेलूच्या बाजूला मेहुणे, दोघांनाही बहीण नसताना. काही लोक दुसरे शब्द वापरत, हळू आवाजात आणि हसून. ते शब्द शिवीसाठीच बनवलेले असतात, मी ते लिहिणार नाही. मला जे दिसत होतं ते साधं होतं. ते दोघं एकमेकांचे होते, माझे आईआबा एकमेकांचे आहेत तसे. एकाला यायला उशीर झाला तर दुसरा जेवायचा थांबत असे. ह्याला काय म्हणतात ते मला कॉलेजातही कुणी शिकवलं नाही.

लग्नाचे दिवस संपले की मिरगाच्या आधी दामूशेठचं धुणं निघायचं. वर्षभर धूळ आणि हळद खाल्लेले सगळे पडदे, चांदवे, झालरी उल्हास नदीवर नेऊन धुवायच्या, उन्हात वाळवायच्या, फाटलेलं शिवायचं. हे काम दोघांच्याने होणारं नव्हतं. म्हणून त्या दिवशी त्यांची माणसं येत. पनवेलहून पारूअक्का आणि तिच्या चेल्या यायच्या, साड्यांचे ओचे खोचून पाण्यात उतरायच्या. घरी मूल जन्मलं की टाळ्या वाजवत आशीर्वाद द्यायला येणारी ती पारूअक्का. खोपोलीहून एक नर्सबाई आणि एक शाळेतल्या बाई यायच्या, दोघी एकाच छत्रीतून. त्याही एका घरात राहत, आणि त्यांच्यासाठीही लोकांनी एक मावशी-भाचीचं नातं काढून ठेवलं होतं, दोघी जवळजवळ एका वयाच्या असताना.

मी एफ.वाय.ची परीक्षा देऊन मोकळी होते, म्हणून मीही मदतीला गेले. पडदे खडकांवर वाळत घालायचे तेसुद्धा दामूशेठच्या क्रमाने. तांबडा, मग केशरी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. कुणी पिवळ्याशेजारी जांभळा टाकला की पलीकडच्या काठावरून ओरडा. बघता बघता अख्खा नदीकाठ रंगून गेला. पुलावरून जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू केली आणि उतारू खिडक्यांतून डोकी काढून बघू लागले. पारूअक्काने त्यांना हात केला.

खडकावर बसून फाटकी झालर शिवताना माझ्या मनात एक गंमत आली. ह्या नर्सबाईंनी खालापुरातली कितीतरी बाळंतपणं केलेली. त्या बाळांना आशीर्वाद पारूअक्काचा. अक्षरं शिकवली शाळेतल्या बाईंनी. लग्नाचा मंडप आणि उखाणा दामूशेठचा, आणि नवरा-नवरी खंडाळ्याला फिरायला निघाली तर गाडी मागून ढकलायला जनूभाऊ. म्हणजे आमच्या भागातला माणूस जन्मापासून ह्याच लोकांच्या हातावर मोठा होतो आणि त्याला पत्ताही नसतो. मी हे बोलून दाखवलं. पारूअक्का इतकी हसली की तिच्या हातातून पडदा वाहत गेला आणि तिच्या चेल्यांना तो पुढच्या डोहातून काढून आणावा लागला.

दुपारी नदीकाठीच जेवण. जनूभाऊंनी मोठ्या टोपात भात आणि वाळक्या बोंबलाचं कालवण केलेलं. आणि दामूशेठ सगळ्यांत बसून जेवले. दोनदा भात मागून जेवले. मी बघतच राहिले.

शेजारी पारूअक्का होती. मी हळूच विचारलं, "अक्का, हे इथं जेवतात. मग लग्नात का नाय जेवत?"

तिने माझ्याकडे बघितलं, मी थट्टा करतेय का ते पारखलं. मग म्हणाली, "बेटी, तुज्या बापाला लग्नाचं बोलावणं येतं तेव्हा काय बोलतात?"

"दोघं या म्हणतात. नायतर चूलबंद."

चूलबंद म्हणजे सगळ्या घराला आमंत्रण. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटायची नाही, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं.

"हां. ह्याला बोलतात, मंडप घेऊन ये. जनूला बोलतात, एकटाच हायेस, ये जेवायला. अरे, घरात माणूस असताना एकटा कसा?" तिने बोंबलाचा काटा बाजूला ठेवला. "लई वर्षांपासून धरून बसलाय तो. बोलतो, ज्या दिवशी कुणी आमच्या दोघांना एका तोंडानं बोलवंल, त्या दिवशी पंगतीत बसंन. तोवर जनूचा डबा."

दामूशेठनी पलीकडून ऐकलं असावं. ते मोठ्याने म्हणाले, "अगं, माजं कसं हाय, हळदीला बायकांत, वरातीला बाप्यांत, आणि जेवायला कुठंच नाय. तेवढीच बचत." सगळे हसले. जनूभाऊ हसले नाहीत. त्यांनी दामूशेठच्या ताटात कालवण वाढलं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आमच्या ताईचं लग्न ठरलं. आबा मंडप सांगून आले. मी आईला विचारलं, "दामूशेठना जेवायला सांगितलं का?"

"तो कुटं जेवतो?" आई तांदूळ पाखडत होती.

मग मी तिला नदीवरचं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती गोंधळेल, किंवा विषय बदलेल. तिचं सूप थांबलं. 

"मी लान व्हते तवा पाटलाच्या घरच्या लग्नाला आमाला बोलवायचे," ती म्हणाली. "मांडवाच्या भाईर, गोठ्याच्या कडंला बसवायचे. समद्यांचं झालं का मंग वाढायचे. माजी आय जायाची, पर जेवायची नाय. पदरात भाकर बांधून न्यायची. लोकं म्हनायचे, म्हातारी लई ताठ्याची हाय." तिने पुन्हा सूप हलवलं. "रविवारी मला दहिवलीला घेऊन चल."

वस्तीतले तात्या, म्हणजे आबांचे चुलते, ओट्यावर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि त्यांना अडचण दिसली. "सूनबाई, बोलवायला हरकत नाय. पर त्या दोगांना बसवायचं कुटं? बाप्यांच्या पंगतीत, का जोड्या बसतात त्यांच्यात?"

"तात्या, आपल्याला कुटं बसवायचं, हा इचार लोकांनी किती वर्सं केला?"

तात्यांनी विडी काढली, पेटवली नाही, परत खिशात ठेवली. "जोड्यांत बसव," ते म्हणाले.

रविवारी आम्ही दहिवलीला गेलो. घरात फक्त जनूभाऊ होते. चुलीपुढे बसून भाकरी थापत होते, हात पिठाने भरलेले. आईने उंबऱ्यातच सांगून टाकलं. "भाऊ, पोरीचं लगीन हाय. त्या दिशी तुमच्या घरची चूल पेटवायची नाय. तुमी आनि दामूशेठ, दोगांनी जोडीनं जेवायला यायचं. चूलबंद सांगाया आलेय."

जनूभाऊ तसेच बसून राहिले. तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"ड्यूटी हाय," ते म्हणाले.

"मंग बदला."

एवढ्यात दामूशेठ बाहेरून आले. बांबूंचा भारा दारात टाकला. आईने तेच शब्द पुन्हा, तशाच आवाजात म्हटले. दामूशेठच्या तोंडात त्या वेळी टाचण्या नव्हत्या, तरी त्यांचे ओठ मिटलेलेच राहिले. मग ते एकदम म्हणाले, "वयनी, मला बाहेरचं सोसत नाय. पित्त..."

"तुमच्या पित्ताचं कळलंय मला," आई म्हणाली. "त्याच्यावर औषद म्हनूनच आलेय."

दामूशेठ वळले आणि माझ्यावर उखडले. "ए कॉलेज, निळ्याला रुपेरी झालर लावायची का सोनेरी, ते विचारलंस का ताईला? लगीन तोंडावर आलं, कुणाला कशाची शुद्ध नाय." आणि बांबू मोजायला बाहेर निघून गेले. ते बराच वेळ तेच तेच बांबू मोजत होते.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी मंडपात गेले आणि माझा जीवच गेला. निळा चांदवा, रुपेरी झालर, सगळं देखणं झालं होतं, आणि खांबाच्या खुंटीला पितळी डबा लटकत होता.

जनूभाऊ आले नव्हते. वंदना झाली, हार घातले गेले, फुलांच्या पाकळ्या उधळल्या गेल्या. ताईने दामूशेठचा उखाणा न अडखळता घेतला. पहिली पंगत बसली, उठली. दुसरी बसली. आई सारखी रस्त्याकडे बघत होती आणि तिनेही अन्नाला हात लावला नव्हता. मी मंडपाच्या मागे गेले. दामूशेठ वळकटीवर बसले होते, डबा मांडीवर, झाकण बंद.

"जनूभाऊ येणार ना?" मी विचारलं.

"बदली माणूस येतो म्हणाला होता. मालगाडी घाटात अडकली असंल. जनूचं काय, एकदा मागं लागला की गाडी वर पोचल्याबिगर सुटत नाय." ते चांदव्याकडे बघत होते. "तुमी उरकून घ्या. मी हाय इथं बरा."

"पण डबा आणलात तुम्ही."

त्यांनी झाकण उघडून दाखवलं. डबा रिकामा होता, घासूनपुसून लख्ख.

"तुजी आय म्हणाली ना, चूल पेटवायची नाय. काल संध्याकाळी विझवली ती तशीच हाय. चासुद्धा नाय घेतला."

"मग डबा कशाला?"

"रिकामा हात घेऊन लग्नात कसा येऊ? सवय नाय."

तेवढ्यात रस्त्यावर एसटी थांबली आणि जनूभाऊ उतरले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले, नखांत मात्र वंगणाचं काळं तसंच. ते सरळ आईसमोर येऊन उभे राहिले.

"उशीर झाला," ते म्हणाले.

"पान थांबलंय," आई म्हणाली.

शेवटची पंगत होती. आईने जोड्यांच्या रांगेत दोन पानं शेजारीशेजारी मांडली. एका बाजूला मंदा आणि तिचा कंडक्टर, दुसऱ्या बाजूला तात्या आणि त्यांची बायको, आमची आजी. ज्या माणसाने हजार लोकांना कसं बसायचं ते शिकवलं, त्याला आता बसता येईना. दामूशेठनी गुडघे जवळ घेतले, सोडले, सदरा सारखा केला, पुन्हा गुडघे जवळ घेतले. जनूभाऊ मांडी घालून शांत बसले. वाढप्याने भात वाढला, वर मटणाचा रस्सा.

पण बायका अशा सोडतात थोड्याच? मंदाच पहिली म्हणाली, "दामूशेठ, जोडीनं बसलाय. नाव घेतल्याबिगर घास नाय."

"हां, हां, नाव घ्या," चारी बाजूंनी गलका झाला. सगळ्या त्यांच्याच उखाण्यांवर नांदायला गेलेल्या. तात्या पानाकडे बघत गालात हसत होते.

मी घाबरले होते. थट्टा कुठल्या बाजूला झुकेल ते सांगता येत नव्हतं. दामूशेठनी तोंड उघडलं, मिटलं. डोळे मिटून घेतले. गालात टाचण्या नव्हत्या, तरी जीभ ह्या गालातून त्या गालात गेली. काही आलं नाही. कान लाल झाले, अबोलीपेक्षा लाल.

मग जनूभाऊंनी घसा साफ केला. सगळा मंडप गप्प झाला, कारण जनूभाऊ बोलणार ही बातमीच होती.

"घाटात गाडीला इंजिन लागतं मागं," ते म्हणाले. थांबले. पुढचं पानातच कुठेतरी सापडलं त्यांना. "दामूचं नाव घेतो, जेवायला बसलो संगं."

मग मंदाने टाळी वाजवली आणि मंडपभर हशा उसळला, मोकळा, लग्नातला. आजी डोळे पुसत हसत होती. आई वाढप्याच्या हातून रश्श्याचं भांडं घेऊन दोन्ही पानांवर स्वतः वाढू लागली.

मी दामूशेठच्या जवळ वाकले. त्यांना सावरायला वेळ मिळावा म्हणून काहीतरी बोलायचं होतं, आणि मला दुसरं काही सुचलं नाही. "दामूशेठ, उखाणा साधाच झाला ना? जरा झालर..."

ते भातावर बोटं टेकवून बसले होते. मान वर न करता त्यांनी दुसरा हात हलवला.

"ऱ्हाऊ दे गं," ते म्हणाले. "ह्याला झालर नको."

आणि त्यांनी पहिला घास घेतला.